चोर, मामलेदार आणि अक्का

लग्न होऊन सासरी आले त्या दिवशी त्या घरात मला सर्वांत आधी नीट ओळखलं ते एका कुत्र्यानं. माप ओलांडून झालं होतं, नाव घेऊन झालं होतं आणि मी माजघरात बायकांच्या घोळक्यात मान खाली घालून बसले होते. नवरी जळगावची आहे, मराठी सातवी झालेली आहे आणि पायात चपला घालते, अशी कुजबुज चालली होती. तेवढ्यात मागच्या दारानं उंच, हडकुळ्या, उघड्या कपाळाच्या एक बाई आत आल्या. विधवेनं त्या दिवशी नवरीच्या समोर येऊ नये असा रिवाज, त्यामुळे सासूबाईंचा चेहरा कसनुसा झाला. त्या बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. "तुना जोडा दे व पोरी," त्या मला म्हणाल्या. मी घाबरून उंबऱ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी माझी एक चप्पल उचलली आणि आल्या तशा मागच्या दारानं निघून गेल्या.

थोड्या वेळानं त्याच दारातून एक तांबडा गावठी कुत्रा आत आला. त्याच्या तोंडात माझी चप्पल होती. बायका किंचाळल्या, कोणी पाटावर चढली, कोणी दुसरीच्या पदराआड गेली. त्यानं कोणाला भीक घातली नाही. एकेकीच्या नव्या लुगड्याला नाक लावत, नापसंत करत तो माझ्यापर्यंत आला, चप्पल माझ्या मांडीवर ठेवली आणि शेपटी हलवत बसून राहिला. दारातून त्या बाईंचा आवाज आला, "वळखी लिधी मामलेदारनी! आते तू कोठेबी दपी बस, तो तुले हुडकी काढी." मामलेदार हे त्या कुत्र्याचं नाव. सासूबाईंनी माझ्यावर गोमूत्र शिंपडलं. माझ्या संसाराची सुरुवात ही अशी झाली.

त्या बाई म्हणजे अक्का. माझ्या सासऱ्यांची, आबांची, थोरली बहीण. आबा त्यांना अक्का म्हणत म्हणून सगळं गाव अक्का म्हणे. मी तोंडावर आत्याबाई म्हणायची, पण मनात त्या माझ्याही अक्काच होत्या. पांझरेच्या काठी, धुळ्यापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर आमचं गाव. अक्का तिथेच जन्मल्या, तिथून लग्न होऊन सातपुड्याच्या पायथ्याशी गेल्या आणि नवरा वारल्यावर परत तिथेच आल्या. नवरा जंगलखात्यात रखवालदार होता. तो गेल्यावर दिरांनी जमीन ठेवून घेतली आणि अक्कांना गाडीत बसवून दिलं. आबांच्या दारात त्या उतरल्या तेव्हा त्यांच्याजवळ एक गाठोडं होतं आणि कडेवर एक कुत्र्याचं पिल्लू. गावातल्या बायका रडायला जमल्या होत्या. त्यांना अक्का म्हणाल्या, "नंतर रडा. आधी हेनासाठे दूध आना."

कुत्र्यांचा खेळ त्या जंगलात शिकल्या होत्या. तिकडे एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर विलायती कुत्रे होते. साहेब आपला रुमाल झाडीत लपवायचा आणि कुत्रे वासावरून तो शोधून आणायचे. अक्का लाकडाची मोळी घेऊन कुंपणाबाहेर उभ्या राहून ते बघत. साहेबाबद्दल त्यांचं मत फार वाईट होतं. "हुशार कुत्रा न येडा साहेब. रुमाल सोता दपाडे न सोताच टाळ्या वाजाडे." पण खेळ त्यांना आवडला होता. विलायती कुत्र्याला नाक असतं तर आपल्या कुत्र्याला काय शिंग असतं, असा त्यांचा सवाल होता, आणि आमच्या गावी आल्यावर त्यांनी तो तडीस नेला.

माझ्या वेळी त्यांच्याकडे तीन कुत्रे होते. तांबडा तो मामलेदार, कारण तो प्रत्येकाच्या घरात नाक खुपसायचा. पांढरा जाडा तलाठी, कारण तो जागेवर कधी सापडायचा नाही. आणि एक काळी कुत्री होती, तिचं नाव कारकून. काम असो नसो, ती दिवसभर भुंकायची. ही नावं ऐकून गावातल्या चळवळीच्या पोरांना फार आनंद व्हायचा. अक्कांना चळवळीतलं काही कळत नव्हतं. त्यांनी फक्त स्वभाव बघून नावं ठेवली होती.

एकदा खरेखुरे मामलेदार जमाबंदीसाठी गावात आले. आदल्या दिवसापासून आबांना घाम फुटला. अक्कांनी चावडीसमोरून जाताना "मामलेदार, हाड! शेण खाऊ नको!" असं म्हटलं तर घरावर जप्ती येईल, असं त्यांना वाटत होतं. ते अक्कांच्या मागे मागे फिरून विनवण्या करू लागले. "अक्का, उद्याना दिवस त्यानं नाव बदल व." अक्कांना भावाची दया आली. "बरं," त्या म्हणाल्या, "उद्या त्याले बढती देस. उद्याना दिवस तो कलेक्टर." दुसऱ्या दिवशी आबा तापाचं निमित्त करून घोंगडी पांघरून निजले.

खेळ असा असे. एकानं चोर व्हायचं. चोरानं आपलं न धुतलेलं काहीतरी अक्कांकडे द्यायचं, टोपी, पंचा, चोळी, काहीही. मग वाकडंतिकडं चालत, नाला ओलांडत, ज्वारीतून, कपाशीतून जाऊन कुठेतरी दडून बसायचं. अक्का चिमूटभर माती उडवून वारा बघत, कुत्र्यांना ती वस्तू हुंगवत आणि सोडत. झाडावर चढणं लबाडी. अंगाला कांदा चोळणं त्याहून मोठी लबाडी. दुसरा खेळ मालाचा. अक्कांच्या जुन्या लुगड्याचं एक फडकं होतं, तोच माल. त्यात भाकरीचा तुकडा बांधून ते दुसऱ्या कोणीतरी लपवायचं. कुत्र्यानं ते शोधायचं आणि गाठ न सोडता, दात न लावता अक्कांच्या मांडीवर आणून टाकायचं. आणलेला माल मग अक्का सोडत, अर्धी भाकर स्वतः खात, अर्धी कुत्र्याला देत. ते फडकं कधी धुवायचं नाही, आणि आणलेला माल कधी परत पाठवायचा नाही, हे दोन नियम त्यांनी देवाच्या नियमांसारखे पाळले होते. देवाचे त्या फारसे पाळत नसत.

मी त्यांची मुख्य चोर. आमचे हे जळगावला एका कापसाच्या जिनात नोकरीला होते आणि बिऱ्हाड मिळेपर्यंत मला गावीच राहायचं होतं. घरात डोक्यावरचा पदर खांद्यावर आला तरी सासूबाईंचा घसा खाकरायचा. पण अक्कांनी, म्हणजे त्यांच्या मोठ्या नणंदेनं, सुनेला शेतात कामाला नेलं तर त्यांना काही म्हणता येत नसे. शेतात गेलं की अक्का म्हणत, "चाल, पय!" आणि मी पदर कमरेला खोचून कपाशीतून धावत सुटायची. बोंडं लुगड्याला अडकायची, काट्यांनी पोटऱ्या ओरबाडायच्या, आणि मी कुठल्यातरी बांधाआड ऊर फुटेस्तोवर धापा टाकत, तोंडावर हात दाबून पडून राहायची. लग्नानंतर इतकं सुख मला दुसऱ्या कशात झालं नाही. हे वाक्य आमच्या ह्यांनी वाचलं तर त्यांनी मनाला लावून घेऊ नये.

आमच्या पोलीसपाटलांनी एकदा पैज घेतली. गावठी कुत्र्यानं मला हुडकलं तर मिशी उतरवीन, म्हणाले. पागोटं अक्कांकडे देऊन ते निघून गेले आणि स्वतःच्या मळ्यात पेंढ्यांच्या गंजीमागे जाऊन बसले. मामलेदारानं पागोटं हुंगलं आणि तो मळ्याकडे वळलाच नाही. ताज्या वासापेक्षा रोजचा वास त्याला जास्त ओळखीचा वाटला असावा. तो सरळ नाल्यापलीकडच्या बाभळींत शिरला, आणि त्याच्या मागोमाग सगळं गाव. तिथे हातभट्टी होती. भट्टीवाला पळाला. मामलेदारानं एका दगडामागून पाटलांचा, नाव घातलेला पितळी पेला तोंडात धरून आणला. पाटलांची पैज तांत्रिकदृष्ट्या त्यांनीच जिंकली होती, कारण कुत्र्यानं त्यांना हुडकलं नव्हतं. तरी ते बरेच दिवस घराबाहेर पडले नाहीत. पाटलीणबाईंनी मात्र अक्कांना खण पाठवला.

अक्का माणसांना चेहऱ्यावरून ओळखत नसत, वासावरून ओळखत. गावात नवा माणूस आला की तो गेल्यावर त्याच्या वासाबद्दल त्यांचा शेरा ठरलेला. आमच्या भाऊबंदकीचे वडीलधारे म्हणजे बापू, आबांचे चुलतभाऊ. मोठं पागोटं, मोठा आवाज, आणि कुळाच्या रीतिभाती तोंडपाठ. सगळी भाऊबंदकी त्यांना टरकून होती. अक्का त्यांच्याहून वयानं थोड्या मोठ्या. "बापू, तू देवपूजाले बसस तवयबी तुले तपकीरना वास येस. देव शिंकतस का नई रे?" असं त्या भरल्या ओट्यावर विचारत. बापू तपकिरीची डबी कनवटीला खोचून उठून जात.

आता कानबाईचं सांगितलं पाहिजे. खानदेशातल्या माणसाला हे ठाऊक आहे, इतरांसाठी सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते आणि सोमवारी वाजतगाजत तिला नदीवर पोचवतात. तिच्या नैवेद्याला रोट, म्हणजे गव्हाच्या गुळाच्या जाड पोळ्या, करतात. त्यासाठी आधी गहू मोजून घेतात, घरातल्या माणसागणिक सव्वा मूठ, नाव घेऊन. आणि ते रोट कुळाबाहेरच्या माणसानं खायचे नाहीत. शेजाऱ्याला द्यायचे नाहीत, पाहुण्याला द्यायचे नाहीत, आणि लग्न करून दिलेल्या लेकीलाही द्यायचे नाहीत, कारण ती आता परक्या कुळाची. मी कालपरवा त्या घरात आलेली. पण सुपात माझ्या नावाची मूठ पडत होती. अक्का त्याच घरात जन्मलेल्या, त्यांची पडत नव्हती. आणि ज्या कुळात त्यांना दिलं होतं त्यांनी तर त्यांना गाडीत बसवून देताना कुळाचा हिशेबच मिटवून टाकला होता.

त्या दिवसांत अक्का चूल उचलून खळ्यात जाऊन राहत. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर भाजत, ठेच्याशी खात आणि कुत्र्यांना घालत. "तुमनी कानबाई तुमले लखलाभ," म्हणत, "मी न मना कुत्रा, आमनं राज्य न्यारं." म्हणताना हसत. पण गहू मोजायच्या दिवशी त्या अंगणाकडे फिरकत नसत, आणि त्या दोन दिवसांत कुत्र्यांना इतकं पळवत की तलाठीसुद्धा बारीक व्हायचा. त्यांना वाईट वाटत होतं. मला ते दिसत होतं, आबांनाही दिसत होतं. आबा भित्रे. ते खळ्याच्या दारापर्यंत जाऊन उगाच बैलाच्या पाठीवर हात फिरवून परत येत.

त्या वर्षी सासूबाईंनी ठरवलं की देवीच्या दिवसांत घराभोवती कुत्र्यांची धावपळ नको. चार दिवस आधीच त्यांनी अक्कांचं ते खेळाचं फडकं गुपचूप उचललं, घडी घातली आणि कोठीच्या खोलीत, अंधाऱ्या कोनाड्यात, मडक्यामागे लपवून ठेवलं. आणि विसरून गेल्या. सोमवारी सकाळी दारात वाजंत्री आलेली, कानबाई उठायची वेळ झालेली, घरात पळापळ. आमचे हे रजा न मिळाल्यामुळे आलेले नव्हते, त्यांच्या वाटचे रोट बाजूला बांधून ठेवायचे होते. सासूबाई कोठीत शिरल्या, अंधारात कोनाड्यात हात घातला, मऊ घडी लागली, त्यात रोट बांधले आणि गाठोडं तिथेच ठेवून धावत बाहेर आल्या. मग सगळं घर, सगळी भाऊबंदकी फुगड्या घालत, नाचत नदीकडे गेली. घर राखायला खळ्यात अक्का आणि तिघे सरकारी अधिकारी.

मी नदीवरून सर्वांच्या आधी परतले, चूल पेटवायची म्हणून. खळ्यात बघते तर अक्का जमिनीवर बसलेल्या, मांडीवर गाठोडं आणि समोर मामलेदार, छाती पुढे काढून बसलेला. चार-पाच दिवस हरवलेलं फडकं त्यानं एकट्यानं हुडकलं होतं, गाठ सोडली नव्हती, दात लावला नव्हता. इतकी चोख कामगिरी त्यानं आजवर केली नव्हती. अक्कांनी गाठ सोडली होती आणि आत बघत होत्या.

"आत्याबाई, ते रोट आहेत," मी म्हणाले. "ह्यांच्या वाटचे."

"माले दिसतस," अक्का म्हणाल्या. मग त्यांनी मामलेदाराकडे बघितलं. "खेळना नियम शे, पोरी. मामलेदारनी आनेल माल परत जात नई." त्यांनी एक रोट उचलला, मधोमध मोडला, अर्धा मामलेदाराला दिला आणि अर्धा स्वतः खाल्ला. सावकाश, शेवटचा कण चाटूनपुसून. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या म्हणत होत्या, "गूळ कमी शे. तुनी सासूना हात पहिलापाईन आखडता."

लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती. सासूबाई आल्याबरोबर त्यांनी स्वतःच सांगितलं. सासूबाईंनी ते फडकं बघितलं, ओळखलं, आणि आपण काय करून बसलो हे कळल्यावर त्यांनी असा टाहो फोडला की शेजारपाजार गोळा झाला. संध्याकाळच्या आत आमच्या ओट्यावर भाऊबंदकी बसली. मधोमध बापू.

बापूंनी निकाल आधीच ठरवून आणला होता. रोट परक्या कुळाच्या बाईनं खाल्ले, कुत्र्यानं खाल्ले. कानबाई कोपली तर सगळ्या कुळाची पोरंबाळं गोत्यात येतील. "कुत्राले आजच मारी टाका," ते म्हणाले. "न अक्काले तिना घर धाडा. सासर जठे शे तठे." सासर! तिकडे त्यांना दार कोण उघडणार होतं? अक्कांचं वय झालेलं, पाय दुखणारे, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी ज्या दारातून हाकललं त्याच दारात त्यांना पुन्हा नेऊन सोडायचं. बापूंच्या शब्दापुढे आमच्याकडे कोणी बोललं नव्हतं, आणि आबा तर कधीच नाही.

अक्का जोत्याखाली उभ्या होत्या, हात मामलेदाराच्या मानेवर. माझी कल्पना, आता त्या तपकिरीवरून काहीतरी बोलणार. पण त्या म्हणाल्या, "खादा तो मी खादा. कुत्रानी काही करं नई, तो खेळ खेळना. माले कोठेबी धाडा. त्याले हात लावू नका रे, बापू." अक्कांना विनवणी करताना गावानं पहिल्यांदा ऐकलं. मला ते सहन होईना, मी दाराआड तोंडात पदर कोंबून उभी राहिले.

तेवढ्यात आबा बोलले. ते जमिनीकडे बघत काडीनं रेघा मारत होते. वर न बघताच म्हणाले, "अक्कानी मूठ टाकेल व्हती."

"काय?" बापू ओरडले.

"औंदा. सुपमा. तिनी मूठ मी टाकेल व्हती. तिना वाटाना रोट तिनी खादा."

"कोनले इचारीसन टाकी?"

आबांनी काडी खाली ठेवली. "कोनले इचारू?" ते म्हणाले. "मनी बहीन शे."

बापू लाल झाले. गहू मोजताना सूप धरायचा मान घरधनिणीचा, त्यामुळे ते सासूबाईंकडे वळले. "तू सांग व. सूप तू धरेल व्हतं. कानबाईनी आन घालीसन सांग, मूठ पडनी का नई?"

गहू मोजले तेव्हा मी तिथेच बसून खडे निवडत होते. एकेक नाव मी ऐकलं होतं. अक्कांचं नाव त्यात नव्हतं. हे आबांना माहीत होतं, सासूबाईंना माहीत होतं आणि मला माहीत होतं. सुनेला कोणी काही विचारत नसे, ते त्या दिवशी फार बरं झालं. आणि सासूबाई म्हणजे ज्यांनी आयुष्यात कधी उपास मोडला नाही, कानबाईच्या नुसत्या नावानं ज्यांचे हात जोडले जात, ज्यांना अक्कांचा आणि कुत्र्यांचा मनापासून तिटकारा होता. त्यांनी पदर कपाळावर ओढला, देव्हाऱ्याच्या दिशेनं एकदा बघितलं आणि ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "पडनी. सव्वा मूठ. मी सोता मोजी."

बापू मूर्ख नव्हते. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी कनवटीची डबी काढली, तपकीर ओढली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच अक्कांनी त्यावर काही टोमणा मारला नाही. बापूंनी डबी परत कनवटीला खोचली. मग "मूठ पडेल शे, त वाद कसाले? ऊठा बठ्ठा," म्हणत स्वतःच आधी उठले.

सगळे गेल्यावर अक्का ओट्यावर येऊन टेकल्या. "खोटं बोलना तू," आबांना म्हणाल्या, "कानबाईना समोर." आबा नुसते नाक ओढत होते. अक्कांनी डोळे पुसले, जरा दम घेतला आणि विचारलं, "आनि मामलेदारनी मूठ?"

"तुना मामलेदारले मना हातनं मुसळ शे!" सासूबाई कडाडल्या, आणि मग त्यांना हसू आवरेना. रडत होत्या आणि हसत होत्या. आम्ही सगळेच.

पुढच्या श्रावणात आबांनी अक्कांचं नाव मोठ्यानं घेऊन सुपात मूठ टाकली. अक्का अंगणात येऊन बसल्या होत्या, कुठेतरी तिसरीकडेच बघत असल्यासारख्या. बापूही त्या वेळी मुद्दाम येऊन उभे राहिले आणि मूठ पडलेली बघून गेले. सासूबाईंनी त्या वर्षी गूळ सढळ हातानं घातला. अक्का म्हणाल्या, रोट गोड मिट्ट झाले.

मग मला जळगावला बिऱ्हाड मिळालं आणि माझा चोरीचा धंदा सुटला. अक्का एकदाच तिकडे आल्या. दोन दिवस राहिल्या आणि सारखं नाक पुसत होत्या. "आठे बठ्ठीकडे सरकीना न तेलना वास शे. मामलेदार आठे येडा व्हई जाई," म्हणाल्या आणि परत गेल्या. मीच सुट्टीला गावी जाई. मामलेदार म्हातारा झाला होता, त्याचं नाक गेलं होतं. अक्का फडकं त्याच्या पुढ्यातच टाकत आणि म्हणत, "हुडक!" तो ते इकडे तिकडे हुंगत शेवटी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवी, आणि त्या त्याला जुन्यासारखीच शाबासकी देत. कारकून बाजूला बसून भुंकत असे. पुढे मामलेदार गेला, मग तलाठी, मग कारकून. अक्कांनी नवीन कुत्रा पाळला नाही. आता पळवायला पाय कोणाचे, असं त्या म्हणाल्या.

लढाईच्या महागाईच्या दिवसांत अक्का आजारी असल्याचा निरोप आला आणि मी गेले. त्यांनी मला जवळ बोलावलं, माझा हात नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "तू लई खराब चोर व्हती. दपी बसस न हसस. मामलेदारले नाक लागेच ना." मी म्हणाले, आत्याबाई, मला हसू आवरत नसे. "माले ठाऊक शे," त्या म्हणाल्या. "म्हनीसन त तुले चोर करू." दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या.

सुतकात पुरुषांनी डोकं आणि मिशी उतरवायची, त्यासाठी त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी न्हावी आला. लग्न होऊन गेलेली बहीण, तिचं सुतक भाऊबंदकीला लागत नाही. लागलंच तर सख्ख्या भावाला, तेही तीन दिवस. ओट्यावर आबा एकटेच टोपी काढून बसले होते, फार थकले होते. आम्ही बायका दारात उभ्या होतो. तेवढ्यात बापू आले. आता ते वाकले होते, काठी टेकत हळूहळू चालत होते, मागे त्यांचे दोन्ही मुलगे. ओट्यावर चढले, आबांच्या आधी न्हाव्यासमोर जाऊन बसले, पागोटं उतरवून मांडीवर ठेवलं आणि मान पुढे केली.

"बापू, तुमले सुतक नई," न्हावी चाचरत म्हणाला.

"तू तुनं काम कर," बापू म्हणाले. "मिशीबी काढ. आमना घरनं मानूस गयं."